सिकलसेल : विजेने उलगडलेले रक्तातील कोडे



नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांतील आदिवासी पाड्यांवर सिकलसेल हे नाव आता पुष्कळ घरांना माहीत झाले आहे. सांधे असह्य दुखतात, डोळे पिवळे दिसतात, अशक्तपणामुळे मुलांची शाळा बुडते. अशा घरात कधी करणीचा संशय घेतला जातो, तर कधी मुलाच्या आईलाच बोल लावला जातो. हा आजार खरोखर कशामुळे होतो, हे विज्ञानाला कसे कळले ते पाहू या.

१९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव. पण पेशी अशा वाकड्या का होतात, हे सूक्ष्मदर्शकातून कळत नव्हते.

त्याचा उलगडा विजेमुळे झाला. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन घेऊन त्यांतून वीज सोडली. दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकली, म्हणजे दोहोंवरील विद्युतभार वेगळा होता. काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा फरक नेमका कुठे आहे ते शोधले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतला फक्त एक दुवा बदललेला होता. एवढ्यामुळे प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात आणि पेशी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही मात्र १० ते २० दिवसांतच नष्ट होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून वेदना देते.

भारतात १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेलची पहिली नोंद झाली. आज गावात तपासणी होते तेव्हा आधी रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले आणि नळीमागच्या रेषा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे असे समजतात. परंतु ती व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे यावरून कळत नाही. ते सांगणाऱ्या तपासण्यांपैकी एक आहे इलेक्ट्रोफोरेसिस. ती पॉलिंग यांनी वापरलेल्या तत्त्वावरच चालते. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन वेगवेगळे दिसते.

हा फरक कळणे फार मोलाचे आहे. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजे रुग्ण मुलाला हा दोष आई आणि वडील दोघांकडून येतो. एकट्या आईला दोष देण्यात काहीच अर्थ नाही. हा आजार स्पर्शानेही पसरत नाही.

उपचारही सुधारले आहेत. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने अनेक रुग्णांचे वेदनांचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. भरपूर पाणी पिणे, थंडीपासून जपणे आणि ताप येताच दवाखाना गाठणे हेही तितकेच आवश्यक आहे. २०२३ साली ब्रिटनने जनुकात बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली, पण त्याचा खर्च अजून गरिबांच्या आवाक्याबाहेर आहे.

त्याच वर्षी भारत सरकारने राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करणे हे तिचे उद्दिष्ट आहे. मात्र तपासणीचा कागद हाती देऊन काम संपत नाही. त्याचा अर्थ कुटुंबाला त्यांच्याच बोलीत, शांतपणे समजावून सांगणारे माणूस हवे. वाहक मुलीचे लग्न अडू नये, लग्नाआधी दोघांचीही तपासणी व्हावी आणि रुग्ण मुलाचे औषध मध्येच बंद पडू नये, यासाठी तुमची मदत आणि तुमचा वेळ दोन्ही लागतील.