वाणसामानातील बचत कोणाच्या खिशातून?

पगार हाती येण्याआधीच गृहकर्जाचा हप्ता, मुलांची फी, वीजबिल आणि प्रवासाचा पास यांचे आकडे ठरलेले असतात. त्यांत आपल्याला फारसे काही करता येत नाही. आपल्या मर्जीने कमी-जास्त करता येईल अशी मोठी बाब घरात एकच उरते, ती म्हणजे महिन्याचे वाणसामान. म्हणून किराणा कोठून भरावा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. कोपऱ्यावरचा वाणी, मोठा स्वयंसेवा बाजार, सहकारी भांडार, की मोबाईलवर मागवून काही मिनिटांत दारात? प्रत्येक ठिकाणी भाव वेगळा, आणि भाव वेगळा असण्याचे कारणही वेगळे.

या विषयावर आपल्या वस्त्यांतून दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, जिथे दोन रुपये कमी तिथे जावे, बाकीची पंचाईत आपण कशाला करायची? दुसरा म्हणतो, मोठ्यांनी लहान दुकानदाराला गिळले, तेव्हा चार पैसे जास्त पडले तरी वाण्याकडेच घ्यावे. आम्हाला दोन्ही मते अपुरी वाटतात. स्वस्ताई एकाच जातीची नसते. एक स्वस्ताई व्यवस्थेतून येते आणि दुसरी कोणाच्या तरी पोटातून काढलेली असते. ही दोन वेगळी ओळखता आली, तर बचत आणि नीती यांचे भांडण बरेचसे मिटते.

अंगुत्तर निकायातील दीघजाणु कोलियाचे सुत्त आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासात ऐकले असेल. गृहस्थाच्या हिताच्या चार गोष्टी भगवंतांनी त्याला सांगितल्या, त्यांतली शेवटची समजीविता. तिथे उपमा आहे ती तराजूची: आवक आणि खर्च यांची पारडी पाहून जगावे. बचतीला कमी लेखण्याचे काही कारण नाही, हे एवढ्यावरून ध्यानात येते. त्याच निकायात उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत तेही सांगितले आहे: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. म्हणजे पैसा कसा आला हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

आता पहिली स्वस्ताई पाहू. 1844 साली इंग्लंडमधील रॉचडेल गावी 28 विणकरांनी आणि कारागिरांनी मिळून एक छोटे दुकान काढले. माल होता पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच. त्या काळी कामगारांच्या माथी भेसळीचा माल आणि खोटे माप मारले जाई. या मंडळींनी शुद्ध माल, पुरे माप आणि रोख व्यवहार हे नियम केले, आणि होणारा नफा सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात परत दिला. आपल्याकडे मुंबईत 1948 साली नायगावच्या कामगार वस्तीत अपना बाजार सुरू झाला तो याच वाटेने. 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच काढले नाही. शेजारच्या कुटुंबांचा एक संघ करायचा, सर्वांच्या याद्या एकत्र करायच्या, माल घाऊक घ्यायचा आणि एका सभासदाच्या घरी उतरवून तिथे वाटून घ्यायचा. इथे भाव कमी होतो तो दलाली, गाळ्याचे भाडे आणि जाहिरात वगळल्यामुळे. कोणाचे त्यात नुकसान नाही.

मोठ्या बाजारांची स्वस्ताई सगळीच पापाची असते, हेही खरे नव्हे. 2002 साली पवईत पहिले दुकान काढणाऱ्या डी-मार्टचे उदाहरण घ्या. बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या, म्हणून भाडे नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर द्यायचे आणि त्याबद्दल सूट घ्यायची. माल झपाट्याने विकायचा, म्हणजे भांडवल अडकत नाही. आम्ही बँकेतली माणसे, आम्हाला हे गणित लगेच उमगते. अशा मार्गाने तुरीच्या डाळीवर किलोमागे पाच-सहा रुपये सुटत असतील तर ते घेताना मनाला टोचणी लावून घेण्याची गरज नाही.

दुसरी स्वस्ताई मात्र निराळी. मोबाईलवरून मागवलेले सामान काही मिनिटांत आणणारा मुलगा बहुधा आपल्याच शेजारच्या वस्तीतला असतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, पावसात घसरून हाड मोडले तर मोडणाराही तोच. कंपनीच्या कागदावर तो नोकर नसून 'भागीदार' असतो, आणि त्यामुळे रजा, भविष्यनिर्वाह निधी, किमान वेतन यांपैकी काही त्याच्या वाट्याला येत नाही. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात अशा कामगारांची संख्या 2020-21 साली 77 लाख धरली होती आणि 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाखांवर जाईल असा अंदाज केला होता. राजस्थानने 2023 साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्राची 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तीत अशा कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगारांच्या कल्याणनिधीत भरावी, मात्र ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे. सुरुवात म्हणून ठीक आहे. पण निधी म्हणजे पगार नव्हे. जी सूट या मुलांच्या घाईतून निघते, ती आम्हाला सूट वाटत नाही. घरात आजारी माणूस असेल तर गोष्ट वेगळी. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी कोणाला पावसात पळवू नये.

दुकानातल्या नोकरांकडेही पाहावे. दहा-बारा तास उभे राहून माल लावणाऱ्या मुलींना बसायला स्टूलसुद्धा नसते. विक्रेत्यांना बसण्याचा हक्क देण्यासाठी केरळला 2018 साली आणि तामिळनाडूला 2021 साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली, यावरूनच काय ते समजावे.

आणि वाणी? त्याच्याविषयी फार हळवे होऊन बोलले जाते. 'आपला माणूस, ओळखीचा, अडीअडचणीला धावून येणारा.' ज्यांचा अनुभव तसा आहे त्यांनी तसे म्हणावे. परंतु आपल्या समाजाची आठवण वेगळी आहे. मुंबई इलाख्यातील अस्पृश्य वर्गाच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सभासद होते. तिच्या 1930 च्या अहवालात, अस्पृश्यांनी हक्क मागितला की गावच्या वाण्याला त्यांना जिन्नस न विकण्याची ताकीद दिली जाई, असे नोंदलेले आहे. मीठ-मिरची बंद करणे हे हत्यार होते. ते पुरते गंजलेलेही नाही. नाहीतर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून घालावा लागला नसता, आणि महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला नसता. सुट्टे पैसे वरून हातावर टाकणारा दुकानदार आपल्या आजीने पाहिलेला आहे. तिच्या नातीने मोठ्या बाजारात फळीवरून स्वतःच्या हाताने डाळीचे पाकीट उचलावे, छापील किंमत वाचावी, आणि आडनाव न सांगता पैसे देऊन बाहेर पडावे, यात नुसती बचत नाही. लहान दुकानदाराचा कैवार घेणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये. तसेच सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत पुड्या बांधणारा बारा वर्षांचा पोऱ्या वाण्याच्याच दुकानात दिसतो, मोठ्या बाजारात नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही दुकानात नोकरीला ठेवणे गुन्हा आहे. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून हातभार लावणे तेवढे अपवाद.

मात्र वाणी एक गोष्ट करतो जी ना बँक करते, ना मोठा बाजार. तो उधार देतो. रोजंदारीवरच्या माणसाला पाचशे रुपये तारण नसताना कोणती बँक देईल? आमची तर देणार नाही. या उधारीची किंमत मात्र मोजून पाहावी. समजा उधारीच्या गिऱ्हाइकाला माल रोखीपेक्षा चार टक्के महाग पडतो. सामान महिनाभर थोडे थोडे उचलले जाते आणि पैसे एकदम एक तारखेला दिले जातात, म्हणजे सरासरी उधारी पंधरा दिवसांचीच. पंधरा दिवसांचे चार टक्के, म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाचे शहाण्णव टक्के! वाण्याच्या बुडीत उधाऱ्या त्यातूनच भरून निघतात, हे मान्य. पण ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो त्याने केवळ सवयीने वही चालू ठेवण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरी तो येत नाही त्याने वाण्याशी संबंध तोडू नयेत, आणि इतरांनी त्याला मोठ्या बाजाराचे शहाणपण शिकवू नये.

बचतीचा आकडाही नीट काढावा, विशेषतः विद्यार्थी मित्रांनी घरचा हिशेब मांडताना. वाण्याकडे 4,500 रुपयांची होणारी यादी मोठ्या बाजारात 4,140 ला झाली, म्हणजे 360 वाचले असे आपण सांगतो. रिक्षाचे जाण्या-येण्याचे 140 गेले, राहिले 220. शिवाय यादीत नसलेली 300 रुपयांची बिस्किटे आणि सरबत पिशवीत आलेले असते. ते घरात खाल्ले जाते हे खरे, पण त्याला बचत म्हणता येणार नाही. पाकिटावर आता एकूण किमतीशेजारी एका ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापलेला असतो. 2021 च्या दुरुस्तीने ते बंधनकारक झाले. तो वाचण्याची सवय लावावी. मोठे पाकीट नेहमी स्वस्त असतेच असे नाही. शांपूची छोटी पुडी अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद धान्यावर, डाळींवर आणि पिठावर 5 टक्के कर बसला, सुट्या मालावर तो नाही. बाजारात 26 किलोच्या गोण्या दिसू लागल्या त्याचे गुपित हेच. सुटा माल घेताना काट्यावरचा पडताळणीचा शिक्का पाहावा. माप कमी भरले तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

दुकान बदलून सगळेच अन्याय मिटतात असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. साखर कोठूनही घेतली तरी ती बीडच्या ऊसतोड कामगाराच्याच कोयत्याखालून आलेली असते. तिथे उपाय गिऱ्हाइकाच्या पिशवीत नाही, तो मजुरीच्या करारात, कायद्यात आणि संघटनेत शोधावा लागतो.

आपल्या हातात आहे ते एवढे, की पहिल्या प्रकारची स्वस्ताई आपण स्वतः निर्माण करू शकतो. संस्थेच्या सभासदांपैकी दहा शेजारची कुटुंबे एकत्र आली तर तांदळाची पन्नास किलोची गोणी प्रत्येकी पाच किलो वाटून घेता येते. पैसे आधी जमा करावेत. त्याखेरीज प्रत्येक कुटुंबाने एकदाच दोनशे रुपये बाजूला ठेवले तर दोन हजारांचा निधी होतो, आणि ज्या घरी त्या महिन्यात काम मिळाले नाही त्या घराचे सामान त्यातून बिनव्याजी भरता येते. हे घर कोणते, याची चर्चा विहारात होऊ नये. दोघांनाच ते माहीत असावे. सुरुवातीला तांदूळ, तूरडाळ, साखर आणि गूळ एवढ्या चारच जिनसा घ्याव्यात, तीन ठिकाणचे भाव विचारून वहीत लिहावेत, आणि काटा कोणाच्या घरी राहील ते पहिल्याच दिवशी ठरवावे.