बारोलोची पिंपे

इटलीच्या वायव्येस पिएमोन्ते प्रांतात, आल्बा शहरापासून थोड्या अंतरावर, लांगेच्या टेकड्यांत बारोलो हे लहानसे खेडे वसले आहे. त्याच्या नावाची लाल वाइन मात्र जगभर जाते. या खेड्यात ज्युलिओ मास्कारेल्लो यांनी १९१९ साली एक वाइनरी सुरू केली. पुढे ती त्यांचे पुत्र बार्तोलो यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. सारे द्राक्षमळे मिळून सुमारे ५ हेक्टर, वर्षाकाठी बाटल्या ३०,००० च्या आसपास. एवढ्याशा घराने गेल्या शतकाच्या अखेरीस बाजाराच्या ओघाविरुद्ध पाय रोवले. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या हट्टाचे मर्म जाणून घेण्याजोगे आहे, आणि ते पेल्यापेक्षा जेवणाच्या पानावर अधिक स्पष्ट होते.

बारोलो केवळ नेब्बियोलो या जातीच्या द्राक्षांपासून करतात. ही द्राक्षे उशिरा, ऑक्टोबरच्या सुमारास, टेकड्यांवर धुके उतरू लागते तेव्हा पिकतात. वाइनचा रंग फिकट, माणकासारखा आरपार; त्यामुळे नवखा फसतो. पहिल्याच घोटाला, कच्चे जांभूळ चावल्यासारखे, तोंड आखडून येते. हा तुरटपणा सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचा. टॅनिन लाळेतील प्रथिनांना जाऊन बिलगते, म्हणून जीभ कोरडी पडते. तोंडात मांसाचा घास असला, की त्यातली प्रथिने आणि चरबी हा मारा झेलतात आणि तुरटपणा मवाळ होतो. जोडीला आम्लताही भरपूर. माशाच्या जेवणानंतर सोलकढी जे काम करते, त्याच जातीचे हे काम.

तेथील स्वयंपाक पाहिला की ही जोडी किती मुरलेली आहे हे कळते. बारोलोतच मुरवून तासन्‌तास मंद आचेवर शिजवलेले गोमांस, म्हणजे ब्राझातो, हा तिचा हक्काचा सोबती. (आमच्या बहुतेक वाचकांना तो वर्ज्य, पण तत्त्व समजून घ्यायला पान वाढून घ्यावे लागत नाही.) अंड्याच्या पिवळ्या बलकात मळलेल्या बारीक शेवया, म्हणजे ताजारिन, त्यांवर लोणी आणि शरद ऋतूत जमिनीखालून कुत्र्यांच्या नाकाने शोधलेली पांढरी ट्रफल किसून घालतात. बान्या काउडा तर आम्हां किनारवासीयांना ओळखीची वाटावी अशी: तेलात लसूण आणि खारवलेले अँकोव्ही मासे विरघळेपर्यंत शिजवायचे आणि त्यात भाज्या बुडवून खायच्या. पिएमोन्तेला समुद्र नाही. आपल्या मांदेलीच्या कुळातले हे मासे लिगुरियाच्या किनाऱ्यावरून मिठात घालून घाट ओलांडून येत. मात्र त्या पदार्थाला बारोलो नको. आंबट आणि कमी तुरट बार्बेरा बरी. रोजच्या साध्या पानाला मऊ दोल्चेत्तो. मास्कारेल्लोंकडे या दोन्हीही होतात.

१९८० च्या दशकात तरुण उत्पादकांना ही सारी रीत जुनाट वाटू लागली. आठवडे चालणारी आंबवण त्यांनी काही दिवसांवर आणली आणि ‘बॅरिक’ नावाची २२५ लिटरची नवी फ्रेंच ओकची पिंपे आणली. एलिओ अल्तारे यांनी तर १९८३ साली वडिलांची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून काढली. त्यांचे म्हणणे अगदीच फोल नव्हते. तळघरे अस्वच्छ होती आणि वेलींवर बेसुमार पीक घेतले जाई. पण नव्या पिंपांमुळे वाइनला व्हॅनिलाचा गोड वास आला. ती लवकर मऊ झाली, घासावाचून उभ्या उभ्या पिता येऊ लागली. परदेशी समीक्षकांना ती आवडली, दरही चढले. जेवणाशी असलेले तिचे नाते मात्र तेवढेच सैल झाले.

येथे कायदा तोकडा पडतो. १९८० साली बारोलोला इटलीतील सर्वोच्च दर्जाचे नामसंरक्षण मिळाले. द्राक्षाची जात कोणती, क्षेत्र कोणते, किमान ३८ महिने मुरवण आणि त्यांपैकी १८ महिने लाकडात, हे सारे तो सांगतो. पिंप केवढे, हे सांगत नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिच्या चवीची राखणही अखेर भट्टीवाल्याच्याच हाती आहे.

बार्तोलो महायुद्धात फॅसिस्टविरोधी लढ्यात उतरलेले गृहस्थ. कान्नुबी, सान लोरेन्झो, रुए आणि शेजारच्या ला मोर्रातील रोक्के या चार मळ्यांची द्राक्षे ते एकत्रच आंबवीत. एकेका मळ्याच्या नावाची महागडी बाटली त्यांनी काढली नाही. मुरवण स्लाव्होनियातील ओकच्या थोरल्या, जुन्या पिंपांत. उतारवयात, चाकाच्या खुर्चीत बसून, ते बाटल्यांची लेबले स्वतः रंगवीत. त्यांपैकी एकावर त्यांनी लिहिले: बॅरिक नको, बर्लुस्कोनी नको. २००५ साली ते वारले. कन्या मारिया तेरेसा यांनी घर पुढे चालविले. दरम्यान बॅरिक आणणाऱ्यांपैकी कित्येक जण पुन्हा थोरल्या पिंपांकडे वळले आहेत. मास्कारेल्लोंच्या तळघरात ती कधी हललीच नव्हती.