जाड दांडे, केसाएवढ्या रेघा

ओळखायचा कसा

बोदोनी टाइपातला कॅपिटल 'एच' बघा. दोन उभे दांडे काळेभोर, भरदार. त्यांना जोडणारी आडवी रेघ मात्र केसाएवढी. दांड्याच्या टोकाला जी छोटी आडवी रेघ असते, ती सेरिफ. तीही तेवढीच बारीक आणि दांड्याला थेट काटकोनात टेकलेली. कॅस्लॉनसारख्या जुन्या टाइपात सेरिफ दांड्यातून हळूहळू फाकतं. इथे तो उतार जवळजवळ नाहीच. अत्तर, दागिने, फॅशनची मासिकं यांना हा थाट फार मानवतो. 'व्होग'चं नाव ज्या अक्षरात असतं ते दिदोच्या वळणाचं, म्हणजे बोदोनीचं पॅरिसमधलं चुलत घराणं.

पार्माचा मुद्रक

जिआम्बातिस्ता बोदोनी १७४० साली इटलीतल्या सालुत्सोचा, मुद्रकाच्या घरातला. उमेदवारी रोमच्या मिशनरी छापखान्यात, जिथे पौर्वात्य लिप्यांचेही खिळे होते. १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने त्याला आपल्या छापखान्यावर नेमलं आणि तिथेच १८१३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत तो राहिला. त्याचा मोठा नमुनाग्रंथ 'मान्युआले तिपोग्राफिको' विधवा पत्नी मार्गेरिताने १८१८ साली दोन खंडांत काढला.

एवढी बारीक रेघ छापायला तसा कागदही लागतो. बर्मिंगहॅमच्या बास्करव्हिल या मुद्रकाने आधीच गुळगुळीत कागद आणि दाट काळी शाई यांची वाट घालून दिली होती.

आकार बदलला की अक्षर बदलतं

खरी मेख इथे आहे. खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा पोलादी ठसा वेगळा कोरावा लागे. बोदोनीच्या आकारांना नावं होती: सगळ्यात लहान 'पार्मिजानिना', सगळ्यात मोठा 'पापाले', म्हणजे पोपच्या थाटाचा. लहान आकारात बारीक रेघ त्या मानाने जाड ठेवायची, नाहीतर ती छापतच नाही. संगणकावर एकच आराखडा हवा तसा लहानमोठा करायची सोय झाली आणि ही शहाणीव बरीच मागे पडली. टाइप-डिझायनर जोनाथन हॉफलरने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला 'हार्पर्स बझार'साठी दिदो आखला, तेव्हा मुद्दाम ६ ते ९६ पॉइंट असे सात वेगळे आराखडे केले. मला हे काम नुसत्या देखण्या अक्षरांपेक्षा मोठं वाटतं.

देवनागरीशेजारी

आपल्या अक्षरातला जाड-बारीकपणा बोरूच्या तिरक्या कापातून येतो. बोदोनीत त्याचा कल सरळ उभा. त्यामुळे मराठी मथळ्याशेजारी हा टाइप लावला की दोघे एकमेकांकडे पाठ करून बसल्यासारखे दिसतात.

आकाराची ती मेख मला घरच्या एका लग्नपत्रिकेत कळली. तिच्यात इंग्रजी नावं ३६ पॉइंट बोदोनीत लावली होती, फार सुरेख दिसत होती. हौसेने मी पत्ताही त्याच फॉन्टात, ७ पॉइंटात घेतला. खरखरीत हातकागदावर छापून आला तेव्हा 'ई' आणि 'सी' सारखेच दिसत होते, कारण 'ई'ची मधली रेघच उडाली होती. पत्ता साध्या टाइपात पुन्हा लावला. नावं तशीच ठेवली.