घोड्याच्या दातांची निगा व दंततंत्रज्ञाचे काम

चंदी पुरेशी मिळत असूनही घोडा खंगत जातो, तोबऱ्यातील दाणा अर्धा टाकतो, गवताचे घास तोंडात घोळवून बाहेर सांडतो, असे पुष्कळदा आढळते. अशा वेळी धनी प्रथम चंदी वाढवितो, नंतर जंताचे औषध पाजतो आणि त्यानेही गुण न आल्यास जनावर थकले अशी समजूत करून घेऊन ते बाजारात काढतो. ह्या सर्व खटाटोपात एक साधी गोष्ट राहून जाते. ती म्हणजे जनावराच्या दाढांची तपासणी. खाल्लेले अन्न बारीक दळले गेले नाही तर ते अंगी लागत नाही, आणि दळण्याचे काम सर्वस्वी दाढांवर अवलंबून असते.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लक्ष ४० हजार, गाढवे सुमारे १ लक्ष २० हजार व खेचरे सुमारे ८४ हजार होती. ही संख्या पूर्वीपेक्षा पुष्कळच घटली आहे. तथापि माथेरानचा घोडेवाला, वीटभट्टीवर गाढवे हाकणारा मजूर किंवा वरातीसाठी घोडी बाळगणारा पशुपालक ह्यांचा संसार आजही ह्या जनावरांवर चालतो. त्यांच्या दृष्टीने जनावराची एक दुखरी दाढ ही घरातील चुलीशी निगडित बाब आहे. म्हणून घोड्याच्या दातांची रचना, त्यांतील बिघाड आणि तो दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचे शिक्षण व काम ह्यांची माहिती येथे दिली आहे.

दातांची रचना

शिंगराला दुधाचे २४ दात येतात. पूर्ण वाढलेल्या घोड्याच्या तोंडात पुढचे १२ दात व २४ दाढा असतात. नरास बहुधा चार सुळेही असतात. घोडीस ते क्वचितच येतात व आल्यास लहान असतात. त्यामुळे घोडीचे दात सामान्यतः ३६ व नराचे ४० भरतात. काही जनावरांत पहिल्या दाढेच्या पुढे एक लहानसा जादा दात येतो. इंग्रजीत त्यास वुल्फ टूथ म्हणतात. पुढचे दात व दाढा ह्यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते. लगामाचे कडियाळे तेथेच बसते.

माणसाचा दात एकदा वर आला की त्याची उंची वाढत नाही. घोड्याच्या दाढेचे तसे नाही. तिचा मोठा भाग जबड्याच्या हाडात दडलेला असतो आणि चावून जितकी झीज होते तितकीच, म्हणजे वर्षाला सुमारे २ ते ३ मिलिमीटर, दाढ हिरडीबाहेर सरकत राहते. हा साठा मर्यादित असतो. तो संपला की म्हाताऱ्या घोड्याच्या दाढा सैल होऊन गळतात. म्हणून दाढेचा कोणताही भाग विनाकारण घासून टाकणे म्हणजे जनावराच्या आयुष्यभराच्या ठेवीतून रक्कम काढून घेणे होय.

दात का बिघडतात

घोड्याचा वरचा जबडा खालच्या जबड्यापेक्षा रुंद असतो. चावताना खालचा जबडा आडवा फिरून घास दळला जातो. ह्या रचनेमुळे वरच्या दाढांची गालाकडील कड व खालच्या दाढांची जिभेकडील कड पुरेशी झिजत नाही. तेथे एनॅमल ह्या कठीण आवरणाची सुरीसारखी टोके तयार होऊन गाल व जीभ सोलली जाते. दिवसाचा बहुतेक वेळ चरणाऱ्या जनावराचा जबडा भरपूर फिरतो. तबेल्यात बांधून मुख्यतः दाण्यावर पोसलेल्या जनावराचा जबडा कमी वेळ व आखूड फेऱ्यात फिरतो. त्यामुळे कडा वाढण्यास वाव मिळतो. वरचे व खालचे दात नीट जुळत नसतील तर पहिल्या व शेवटच्या दाढेवर आकडे तयार होतात. एखादी दाढ पडली तर तिच्या समोरची दाढ न झिजता उंच वाढत जाते.

अडीच ते साडेचार वर्षे हा काळ विशेष जपण्याचा असतो. ह्या अवधीत दुधाचे दात पडून कायमचे दात येतात आणि नेमके ह्याच वयात तरुण घोड्यास लगाम व जू ह्यांची सवय लावली जाते. तोंड दुखत असल्यामुळे मान झटकणारे जनावर हट्टी समजून मार खाते. मारण्यापूर्वी तोंड तपासून घेतले पाहिजे.

बिघाडाची लक्षणे

पुढील लक्षणांवर मोतद्दाराने व धन्याने लक्ष ठेवावे :

१. अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे तोंडातून पडणे.
२. लिदीत अख्खे दाणे किंवा लांब काड्या दिसणे.
३. मान एका बाजूस कलती करून चावणे, सावकाश खाणे, थंड पाणी पिण्यास कांकू करणे.
४. तोंडास दुर्गंधी येणे, लाळ गळणे, जबड्यावर सूज येणे.
५. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येणे. वरच्या मागील दाढांची मुळे नाकालगतच्या पोकळीपाशी असल्याने मूळ सडल्यास असा स्राव येतो.
६. लगाम ओढताच मान झटकणे किंवा एकाच बाजूस वळण्यास नकार देणे.
७. वारंवार पोटशूळ होणे किंवा घशात घास अडकणे.

गाढव दुःख फारसे दाखवीत नाही. त्याने खाणे सोडले असेल तर बिघाड पुष्कळ दिवसांचा आहे असे समजून त्वरित तपासणी करून घ्यावी.

दंततंत्रज्ञाचे शिक्षण

घोड्यांचे दात पाहणे हा ब्रिटनमध्ये एक स्वतंत्र व्यवसाय आहे व त्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. तेथील १९६६ च्या पशुवैद्यक कायद्याने जनावरांवरील उपचार पशुवैद्यांकडे सोपविले आहेत. दंततंत्रज्ञाच्या कामाची मर्यादा ह्या कायद्याच्या चौकटीत ठरते. हातकानशीने दाढांची धारदार टोके घासणे व सुटत आलेले दुधाचे दात काढणे ही कामे प्रशिक्षित व्यक्ती करू शकते. रोगनिदान, खोल मुळाची दाढ उपटणे व शस्त्रक्रिया ही कामे पशुवैद्यानेच करावयाची असतात. घोड्यास गुंगी देणे आवश्यक वाटल्यास त्याचा निर्णयही पशुवैद्यच घेतो.

तंत्रज्ञाची पात्रता ठरविण्यासाठी ब्रिटिश अश्ववैद्यक संघ व ब्रिटिश पशुदंतवैद्यक संघ ह्यांच्यामार्फत परीक्षा घेतली जाते. तिच्यात पुस्तकी ज्ञानाबरोबरच जिवंत घोड्यावरील कामही पारखले जाते. उमेदवारास प्रथम डोके व जबडा ह्यांची शरीररचना, दातांची वाढ, चर्वणाची क्रिया व तोंडाचे रोग शिकावे लागतात. मृत जनावरांच्या कवट्यांवर दाढांची मांडणी पाहून हाताला सवय करावी लागते. नंतर अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली अनेक जनावरे तपासून प्रत्येकाची नोंद ठेवावी लागते.

दातांवरून वय ओळखणे हाही ह्या शिक्षणाचा भाग आहे. मधली जोडी सुमारे अडीच, तिच्या शेजारची साडेतीन व कोपऱ्यातील साडेचार वर्षांच्या सुमारास येते आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते. तोपर्यंतचा अंदाज बराच खात्रीचा असतो. पुढे दातांवरील खळगे, त्यांचा आकार व कल पाहून केलेला अंदाज वयाबरोबर अधिकाधिक ढोबळ होत जातो. सारंगखेडा किंवा माळेगाव येथील यात्रेत घोडा घेणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. वय लपविण्यासाठी दातांवर कोरून खोटे काळे खळगे करण्याची लबाडी फार जुनी आहे.

कामाची रीत

कुशल तंत्रज्ञ कानस हाती घेण्यापूर्वी बराच वेळ पाहण्यात घालवितो. तो धन्याकडून माहिती घेतो, जनावरास खाताना पाहतो, दोन्ही गाल बाहेरून चाचपतो आणि पुढच्या दातांची ठेवण तपासतो. त्यानंतर पिचकारीने तोंड धुऊन जबडा उघडा ठेवणारी लोखंडी चौकट बसविली जाते. कपाळावरील दिव्याच्या उजेडात लांब दांड्याच्या आरशाने प्रत्येक दाढ पाहून तिची स्थिती तक्त्यावर लिहिली जाते.

ह्यानंतर फक्त टोचणारी कड घासली जाते. दाढेचा दळणारा पृष्ठभाग खडबडीतच राहिला पाहिजे. तो आरशासारखा गुळगुळीत केल्यास जात्याची टाकी बुजविल्यासारखे होते व घोड्यास चारा दळता येत नाही. उंच वाढलेली दाढ एकदम खाली आणू नये. काही महिन्यांच्या अंतराने थोडी थोडी कमी करावी. मोटरवर चालणाऱ्या कानशीने काम जलद होते, परंतु तिच्या उष्णतेने दाताच्या आतील जिवंत मगजास इजा पोहोचू शकते. म्हणून ती एका जागी धरून ठेवू नये व पाण्याने थंड ठेवावी.

हे काम धोक्याचे आहे. तोंडात चौकट असताना घोड्याने मान उसळली तर माणसाचे हाड मोडू शकते. चौकट फार वेळ उघडी ठेवल्यास जबड्याचे स्नायू दुखावतात. म्हणून मध्ये मध्ये ती मिटवून विश्रांती द्यावी. प्रत्येक जनावरानंतर सर्व उपकरणे धुऊन जंतुनाशकात बुडविली पाहिजेत. गुंगी दिलेल्या जनावरास ते पूर्ण सावध होईपर्यंत चारा देऊ नये.

आपल्याकडील स्थिती

भारतात भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ ह्यातील कलम ३० प्रमाणे पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावयाचा आहे. पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना राज्य शासनाच्या आदेशानुसार किरकोळ सेवा देता येतात. त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखालीच. म्हणून ज्या तरुणास ह्या कामात शिरावयाचे असेल त्याची खात्रीची वाट पशुवैद्यकीय पदवीतून जाते. हा अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत मिळते. त्यांपैकी मुंबईचे महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे.

ह्याउलट, यात्रेत किंवा तबेल्यात पकड घेऊन फिरणाऱ्या अशिक्षित माणसाकडून दात उपटून घेणे, जबड्यावर डागणे किंवा वरच्या दातांमागील टाळूची सूज चिरणे हे प्रकार सर्वस्वी टाळावेत. तरुण घोड्याचे दात येताना टाळू फुगणे बहुधा स्वाभाविक असते व ते आपोआप ओसरते. डागण्याने वेदना होतात व जखम चिघळते. दुखण्याचे मूळ मात्र तसेच राहते. घोड्यास धनुर्वाताची बाधा सहज होते, म्हणून तोंडात जखम असलेल्या जनावरास त्याची लस दिलेली आहे किंवा नाही, ह्याची चौकशी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे कर्तव्य

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. लाळ गाळणारे व गिळू न शकणारे प्रत्येक जनावर दातांनी आजारी असतेच असे नाही. पिसाळी रोगातही हीच लक्षणे दिसतात. घशात काही अडकले असेल असे समजून अशा जनावराच्या तोंडात हात घालणे प्राणघातक ठरू शकते. जनावर बावरलेले किंवा आक्रमक असेल, लडखडत असेल अथवा त्यास कुत्रा चावल्याचा संशय असेल, तर त्यास एकटे बांधून पशुवैद्यास बोलवावे. लाळेचा संपर्क झाल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. नाकातून चिकट स्राव व अंगावर गाठी किंवा व्रण असतील तर ग्लँडर्सचा संशय घ्यावा. हा रोग माणसासही होतो व त्याची वर्दी देणे कायद्याने बंधनकारक आहे. जबडा ताठर होऊन उघडत नसल्यास तो धनुर्वात असू शकतो. तेथे बळजबरी करू नये.

इतर वेळी कार्यकर्त्याने तोंडात हात न घालताही पुष्कळ काम करता येते. जनावरास दहा मिनिटे खाताना पाहावे, लीद हाताळून पाहावी, दोन्ही नाकपुड्यांचा वास घ्यावा व आढळलेली लक्षणे लिहून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावीत. तातडीच्या प्रसंगी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी दूरध्वनी क्रमांक १९६२ वर संपर्क साधावा. गावात घोडे, खेचरे किंवा गाढवे बऱ्याच संख्येने असतील तर सर्वांची तपासणी एकाच दिवशी ठरवावी. त्यामुळे पशुवैद्याचा फेरा सार्थकी लागतो.

प्रौढ जनावराचे तोंड वर्षातून एकदा, तर पाच वर्षांखालील व म्हाताऱ्या जनावरांचे वर्षातून दोनदा तपासून घ्यावे. लगामाची सवय लावण्यापूर्वीही एक तपासणी व्हावी. ज्या म्हाताऱ्या जनावराच्या दाढा झिजून गेल्या आहेत, त्यास कानशीचा उपयोग नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने भिजवून मऊ केलेले खाद्य दिल्यास ते आणखी काही काळ सुखाने जगू शकते.

जे जनावर वर्षभर धन्याचा भार वाहते, त्याच्या तोंडाकडे वर्षातून एकदा तज्ज्ञाची नजर जावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. वेळीच पाहिलेले दुखणे थोडक्या श्रमात दूर होते आणि वाढविलेली चंदीही वाया जात नाही.