धुरावरचे चीज आणि आपला धनगर

दूध थांबत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगायला नको. उन्हाळ्यात सकाळचे दूध तापवले नाही तर दुपारी नासलेच म्हणून समजा. म्हणून तर आपल्या आयाबायांनी विरजण लावले, ताक घुसळले, लोणी कढवून तूप केले. दूध एका दिवसाचे, तूप वर्षाचे! दूध टिकवायचे कसे, हा प्रश्न जगात सगळीकडेच होता. प्रत्येक मुलखाने तो आपापल्या हवापाण्याप्रमाणे सोडवला. त्यातली पोलंडच्या मेंढपाळांची एक तऱ्हा आज पाहू.

पोलंड म्हणजे कुठला लांबचा देश, असे कुणी म्हणेल. पण दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले होते. त्या लोकांच्या देशाच्या दक्षिण टोकाला तात्रा नावाचे उंच डोंगर आहेत. पायथ्याशी झाकोपाने हे गाव. तिथे हिवाळाभर बर्फ असते. २३ एप्रिलच्या सुमारास, संत वोइचेख यांच्या सणाला, मेंढ्यांचे कळप वर कुरणांत न्यायचे आणि २९ सप्टेंबरच्या सुमारास, संत मिखाएल यांच्या सणाला, खाली आणायचे, अशी तिथली जुनी रीत. कळपाच्या मुख्य मेंढपाळाला ‘बात्सा’ म्हणतात.

आता गंमत पाहा. मेंढ्या वर डोंगरात, गिऱ्हाईक खाली गावात; दूध रोज खाली न्यायचे कसे? म्हणून बात्सा लाकडी खोपटातच त्याचे चीज करतो. त्याचे नाव ओस्त्सिपेक. धारा काढल्या की दूध कापडातून लाकडी भांड्यात गाळतात आणि कोमट असतानाच त्यात रेनेट घालतात. दुधावरच्या कोकराच्या किंवा वासराच्या पोटात दूध गोठवणारा जो पाचक रस असतो, तेच मूळचे रेनेट. आज जंतूंपासून केलेले शाकाहारी रेनेटही मिळते आणि आपल्या देशातल्या चीजच्या कारखान्यांत ते वापरले जाते.

इथे शिक्षकांनी मुलांना एक फरक जरूर दाखवावा. लिंबू पिळून दूध फाडले की पनीर होते. ते तापवले तरी वितळत नाही. रेनेटने दूध फाटत नाही, गोठते, आणि तो गोळा लवचिक होतो. बात्सा हा गोळा मोडतो, निवळी काढून टाकतो, उरलेला चोथा गरम पाण्यात बुडवून हाताने दाबतो, पुन्हा बुडवतो, पुन्हा दाबतो. मग दोन्ही टोकांना निमुळता आकार देऊन मधोमध नक्षीच्या लाकडी साच्यात बसवतो. निवळी वाया जात नाही. तिचे पेय करतात. पुढे हे चीज मिठाच्या पाण्यात मुरते आणि शेवटी खोपटाच्या आढ्याखाली चुलीच्या धुरावर काही दिवस राहते. दाबण्याने पाणी निघाले, मिठाने आणि धुराने जंतूंना अटकाव झाला. वीतभर लांबीचे, ६०० ते ८०० ग्रॅम वजनाचे सोनेरी चीज तयार! पनीरइतके मऊ नाही, वर्षभर मुरवलेल्या चीजसारखे टणकही नाही. अशाला मध्यम घट्ट चीज म्हणतात. त्याच देशाच्या ईशान्येला कोरित्सिन गावी गाईच्या दुधाचे असेच एक चपटे, गोल चीज घरोघर करतात.

मग साहजिकच कुणी विचारील, मेंढ्या आपल्या धनगरांकडेही आहेत, मग ते चीज का करीत नाहीत? उत्तर आपल्या हवेत आणि आपल्या मेंढीत आहे. पारनेर तालुक्यातील ढवळपुरी भागातले धनगर पाऊस सरला की घाट उतरून ठाणे-पालघरकडे येतात आणि मृगाच्या आत माघारी जातात. कोकणातला पाऊस मेंढीला सोसत नाही. आपली दख्खनी मेंढी दूध थोडे देते, ते कोकरालाच पुरते. पण भात कापल्यावर रिकाम्या खाचरात रात्री कळप बसवला की लेंडीखत आपोआप पडते आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. पोलंडच्या मेंढपाळाने दूध टिकवले, आपल्या धनगराने जमिनीचा कस टिकवला. दोन्ही विद्या मोलाच्याच. अडाणी कुणीच नाही.

फरक आहे तो पुढे. ओस्त्सिपेक या नावाला २००८ मध्ये युरोपीय संघाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. ठरलेल्या भागात, ठरलेल्या रीतीने केलेल्या आणि निदान ६० टक्के मेंढीचे दूध असलेल्या चीजलाच ते नाव लावता येते. नुसत्या गाईच्या दुधाचे तसेच दिसणारे चीज विकायचे, तर नाव दुसरे द्यावे लागते. त्यामुळे डोंगरात राबणाऱ्याच्या मालाची ओळख राहते. कोरित्सिनच्या चीजलाही २०१२ मध्ये असे संरक्षण मिळाले. आपल्याकडे १९९९ चा भौगोलिक उपदर्शनाचा कायदा आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये त्याचा लाभ झाला.

धनगराच्या विद्येला मात्र असे नाव नाही. लोकरीला पूर्वीचे गिऱ्हाईक राहिले नाही. कल्याण-डोंबिवलीच्या आसपास ज्या खाचरांत कळप बसावेत, त्यांतल्या कितीतरी जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. कुरण गेले की कळप येत नाही, कळप आला नाही की खत नाही, आणि एका पिढीत ही वाट कुणाच्या ध्यानातही राहत नाही. पोलंडच्या लोकांनी आपल्या बात्साचे नाव कायद्यात लिहून ठेवले. आपण निदान एवढे करू या: यंदा दिवाळीनंतर गावात कळप आला, तर त्याला बसायला एक खाचर राखावे आणि त्याच्या खताचा मोबदला नीट, वेळेवर द्यावा. शाळामास्तरांनीही मुलांना वाड्यावर न्यावे, मेंढ्या कुठून आल्या, कुठल्या घाटाने आल्या, कुठे जाणार, हे त्या धनगरालाच विचारून वहीत लिहून घ्यावे.