भाजलेला मासा, घरचे रात्रीचे जेवण आणि दुधाचे अनुपान

गंगापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि कायगावच्या पुढे ती नाथसागराच्या फुगवट्यात पसरत जाते. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली व १९७६ साली ते राष्ट्रार्पण झाले. तेव्हापासून समुद्रापासून इतक्या दूरच्या या प्रदेशात रोहू, कटला, मृगळ हे मासे बाजारदिवशी सहज मिळू लागले. माळकरी घरांत व श्रावणात मासा वर्ज्यच असतो. परंतु ज्या घरांत तो चालतो, तेथे रविवारचे रात्रीचे जेवण म्हणजे मासा असे समीकरण बरेचदा आढळते. अलीकडे त्यात एक भर पडली आहे. घरोघरी विजेची छोटी भट्टी, म्हणजे ओव्हन, आला असून रश्शाऐवजी वा तळणीऐवजी भाजलेला मासा ताटात येऊ लागला आहे. हा बदल चांगला की वाईट, असे रुग्ण आम्हांस विचारतात. प्रश्न स्वयंपाकघरातला दिसत असला, तरी त्याचा धागा आपल्या औषधाच्या पुडीपर्यंत कसा पोहोचतो, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम आमचीच एक चूक नमूद करतो. विषमज्वरानंतर अतिशय कृश झालेल्या एका तरुणास आम्ही अश्वगंधा चूर्ण दिले होते. पुडीवर नेहमीप्रमाणे ‘रात्री झोपताना दुधातून’ असे लिहिले. वजन वाढू लागले, भूक सुधारली; परंतु दीड महिन्याने तो अंगाला खाज सुटते म्हणून परत आला. खाज आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी असे. आहाराची चौकशी करता त्याची आई म्हणाली, “डॉक्टर साहेब, रविवारी मासा असतो. दूध तर तुम्हीच सांगितलंय.” मासा पांढऱ्या सॉसमध्ये, म्हणजे दूध व मैद्याच्या दाट मिश्रणात भाजलेला, आणि त्यावर तासाभरात औषधासाठी कपभर दूध. पथ्यापथ्याचा कागद देताना ‘मासे व दूध एकत्र नको’ असे आम्हीच सांगत असतो. त्या घराने ते ऐकले नव्हते असे नाही. परंतु सॉसमधले दूध त्यांना दूध वाटले नाही आणि औषधाचे दूध त्यांना आहार वाटला नाही.

मासा-दुधाविषयी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात जो विचार आहे, तो पुन्हा वाचण्यासारखा आहे. पुनर्वसु आत्रेय सांगतात की दोन्ही द्रव्ये मधुर रसाची, मधुर विपाकाची व महाअभिष्यंदी आहेत. मात्र दुधाचे वीर्य शीत व माशाचे उष्ण. वीर्यविरोधामुळे रक्तदुष्टी होते व अभिष्यंदित्वामुळे मार्गावरोध होतो. या ठिकाणी भद्रकाप्य हरकत घेतो. एक चिलिचिम सोडला तर बाकी सर्व मासे दुधाबरोबर खाण्यास हरकत नाही, असे त्याचे म्हणणे. आत्रेय ते अमान्य करतात व कोणताच मासा दुधाबरोबर नको, चिलिचिम तर विशेषेकरून नको, असा निर्णय देतात. म्हणजे हा वाद आज स्वयंपाकघरात होतो तसा तेव्हा विद्वत्सभेतही झाला होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या बाजारात ‘चिलापी’ नावाचा स्वस्त मासा येतो व नामसादृश्यामुळे काहीजण त्यालाच चिलिचिम समजतात. ते बरोबर नाही. चिलापी म्हणजे तिलापिया. तो मूळचा आफ्रिकेतला असून भारतात १९५२ साली आणला गेला. संहिताकारांनी तो पाहिलेला असणे शक्य नाही. चरकाने चिलिचिमाचे वर्णन खवले असलेला, लाल डोळ्यांचा, सर्वांगावर लाल रेषा असलेला, रोहिताच्या आकाराचा व बहुधा भूमीवर चरणारा असे केले आहे. चिलापीत यातले फारसे काही जुळत नाही.

रोहिताविषयी मात्र तिन्ही मुख्य ग्रंथकारांचा कौल अनुकूल आहे. हितकर द्रव्यांच्या अग्र्यसंग्रहात चरकाने माशांमध्ये रोहितास पहिले स्थान दिले. तो शेवाळ व कोवळे गवत खातो आणि निद्रा घेत नाही, म्हणून दीपन, पचण्यास हलका व बलकारक, असे कारणही दिले. सुश्रुताने तो वातहर व फारसा पित्तकोपक नाही असे म्हटले. आधुनिक प्राणिशास्त्रातील नावही संस्कृताचेच ऋण सांगते. हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याला ‘रोहिता’ हेच जातिनाम दिले. हा मासा मुळात गंगेच्या खोऱ्यातला. वाहत्या पाण्यात अंडी घालणारा हा जीव तळ्यांत प्रजनन करीत नसे. १९५७ साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूषग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, त्यानंतर मत्स्यबीज मुबलक झाले व दख्खनच्या जलाशयांत ते सर्वत्र सोडले जाऊ लागले. म्हणून आज गंगापूरच्या वैद्याला ‘रोहित’ हा शब्द केवळ पोथीतला राहिलेला नाही.

सुश्रुताचे आणखी एक निरीक्षण येथे उपयोगी आहे. मोठ्या डोहांतले मासे बलवान व अल्प जलातले दुर्बल, असे तो म्हणतो. नाथसागरातला मासा व उन्हाळ्यात आटत चाललेल्या पाझर तलावातला मासा यांत हातात घेताच फरक कळतो. तळ्यातल्या माशाचे डोके विशेष हलके असते, असेही त्याने नोंदविले आहे. डोके टाकून देणाऱ्या गृहिणींना आम्ही हे आवर्जून सांगतो.

आता पाककृतीचा प्रश्न. भावप्रकाशात, मांसवर्गात, भाजलेला मासा गुणांनी श्रेष्ठ, पुष्टिकर व बलवर्धक म्हटला आहे. तेव्हा ओव्हन आला म्हणून काही अनाचार झाला असे मुळीच नाही. तळलेल्या माशापेक्षा भाजलेला मासा शास्त्राच्या अधिक जवळचा आहे. औषधिनिर्माते वाचकांस तर ही कृती घरचीच वाटेल, कारण ती पुटपाकाचीच बहीण आहे. पानात गुंडाळणे, वर लेप देणे व बाहेरून समान अग्नी देऊन आतला रस आतच राखणे, हेच तत्त्व. मातीच्या लेपाची जागा ओव्हनच्या बंद दाराने घेतली, इतकेच.

पाच माणसांच्या घरास दीड किलोचा रोहू पुरे. याहून लहान घेऊ नये, कारण कार्प माशाच्या मांसात दुहेरी फाट्याचे बारीक काटे असतात. मोठ्या माशात ते मोठे असल्याने सापडतात; लहानात लेकरांच्या घशात जातात. कल्ले ताजे तांबडे, डोळा फुगीर, बोटाने दाबलेले मांस परत वर यावे. कल्ले काढूनच टाकावेत. पोट साफ करताना पित्ताशय फुटू देऊ नये, नाहीतर मांस कडू होते.

पित्ताशयाचा विषय निघाला म्हणून थांबून सांगतो. दमा, रातांधळेपणा वा मधुमेह यांवर माशाचे कच्चे पित्त गिळण्याची प्रथा काही भागांत आहे. रोहू व तत्सम कार्प माशांच्या पित्तातील विषद्रव्याने वृक्क निकामी झाल्याच्या नोंदी आपल्या देशातील रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेल्या आहेत. उलट्या व अतिसाराने सुरुवात होते आणि दोन-तीन दिवसांत मूत्राचे प्रमाण घटते. ग्रंथांत मत्स्यपित्ताचा उल्लेख येतो तो अंजनादी वेगळ्या संदर्भांत. कोणी दुकानात येऊन विचारल्यास औषधविक्रेत्यांनी स्पष्ट नकार द्यावा आणि कोणी गिळलेच असल्यास त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

घरगुती ओव्हनमध्ये सबंध मासा मावत नाही, म्हणून इंचभर जाडीचे आडवे तुकडे करावेत. हळद व दीड चमचा सैंधव चोळून पाव तास ठेवावेत. दहाबारा लसूण पाकळ्या, बोटभर आले, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, चमचाभर जिरे व अर्धा चमचा मिरे वाटून त्यात दोन लिंबांचा रस व दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल घालावे. (आमच्या मराठवाड्यात करडईचे तेल प्रिय, परंतु वनस्पतिज स्नेहांत चरकाने कुसुंभस्नेह अहितकर गणला आहे. यावरून घरोघरी भांडण लावण्याची आमची इच्छा नाही.) हे वाटण तुकड्यांना लावून केळीच्या पानात गुंडाळावे. ओव्हन आधी २०० अंशांवर तापवून वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे व शेवटची पाच मिनिटे पान उघडून ठेवावे. मधल्या काट्यापासून मांस सहज सुटले व आत अर्धपारदर्शक न राहता पांढरे झाले म्हणजे मासा शिजला. तापमापी असल्यास गाभ्यात ६३ अंश तरी हवेत. गोड्या पाण्यातल्या माशात परोपजीवी असू शकतात, तेव्हा अर्धकच्चा नको. ॲल्युमिनियमची चकचकीत पट्टी वापरावयाची असल्यास ती पानाच्या बाहेरून असावी, कारण आम्ल व मीठ यांच्या सान्निध्यात तो धातू अन्नात उतरतो. औषधिनिर्मात्यांना पात्रविचार सांगण्याची गरज नाही. ओव्हन नसल्यास जाड कढईत मिठाचा थर, त्यावर तिवई व वर घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर हेच साधते, वेळ थोडा अधिक लागतो.

येथपर्यंत सर्व निर्दोष. दोष शिरतो तो सोबतच्या पदार्थांतून. नव्या पाककृतींत दुधाचा सॉस, साय, चीज असते. ते सर्व दुधाच्याच कुळातले. काहीजण वर मध लावून भाजतात. तापविलेला मध तर आपण कोणत्याच रुग्णास सांगत नाही. दही लावून मुरवलेल्या माशाविषयी आमच्यात मतभेद होतो. आत्रेयांनी दिलेले वीर्यविरोधाचे कारण दह्यास लागू पडत नाही, कारण दही उष्णवीर्य आहे. आणि वंगदेशात दह्यातला मासा पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो. परंतु दही रात्री खाऊ नये व तापवून खाऊ नये, हे दोन्ही निषेध चरकानेच स्वतंत्रपणे सांगितले आहेत. रात्रीच्या जेवणासाठी ओव्हनमध्ये घातलेले दही दोन्हींत सापडते. आम्ही म्हणून लिंबू सुचवितो. याखेरीज जलचरांच्या मांसाबरोबर मध, तीळ, गूळ, दूध, उडीद, मुळा, बिस व विरूढ धान्य नको, अशी यादी संहितेत आहे. आपल्याकडच्या ताटाकडे या दृष्टीने पाहावे. माशाच्या कडेला मुळ्याच्या चकत्या, वाटीत मोड आलेल्या मटकीची उसळ, तोंडी लावायला तिळाची चटणी! पाहुणचार म्हणून वाढलेले तीन पदार्थ, आणि तिन्ही यादीतले. त्याऐवजी ज्वारीची भाकरी, जुन्या तांदळाचा भात, कांदा-काकडीची साधी कोशिंबीर व लिंबाची फोड इतके पुरे.

आधुनिक शास्त्र या बाबतीत काय म्हणते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मासा व दूध एकत्र खाल्ल्याने श्वित्र होते, असे आधुनिक संशोधनात सिद्ध झालेले नाही. ती व्याधी शरीराच्या स्वप्रतिकारातून होते असे ते मानते. युरोपात दुधाच्या सॉसमधला मासा नित्याचा आहे. शिवाय मासा खाल्ल्यावर अंगावर पित्त उठणे हे माशाच्या किंवा दुधाच्या असात्म्यतेनेही होते, आणि बर्फाविना राहिलेल्या बांगडा, सुरमई यांसारख्या समुद्री माशांत हिस्टामिन वाढल्यानेही होते. ते शिजवूनही नष्ट होत नाही. म्हणून खाजेचा प्रत्येक रुग्ण विरुद्धाहाराच्या खात्यात टाकणे अयोग्य. आणि एक विनंती कळकळीची. कोड असलेल्या मुलीच्या आईला “तू मासा-दूध दिलेस” असे सासरी ऐकवले जाते, व कधी कधी त्यास आपल्या दवाखान्यातले एक बेसावध वाक्य कारण होते. संहितेने किलासाच्या हेतूंत विरोधी अन्न सांगितले, तसे इतरही अनेक हेतू सांगितले आहेत. पथ्य सांगणे हे आपले कर्तव्य. दोषी ठरविणे नव्हे.

मग त्या तरुणाचे काय केले? अश्वगंधा बंद केली नाही. वाग्भटाने उत्तरस्थानातील रसायनाध्यायात अश्वगंधा दूध, तूप, तेल किंवा कोमट पाणी यांबरोबर पंधरा दिवस घेण्यास सांगितले आहे. पर्याय आचार्यांनीच दिलेला आहे; आपण सवयीने त्यातला पहिलाच तेवढा उचलतो. त्यास आम्ही दुधातले चूर्ण सकाळी घेण्यास सांगितले, रविवारी रात्रीच्या जेवणातून सॉस काढला व त्या दिवशी अनुपान कोमट पाण्याचे ठेवले. खाज पुढील तीन आठवड्यांत पुन्हा झाली नाही. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडण्याचा आमचा आग्रह नाही. सॉस, दूध की आणखी काही, हे आम्ही वेगळे करून पाहिलेले नाही.

मासा व दूध यांत किती प्रहरांचे अंतर असावे, याचा स्पष्ट आकडा संहितेत दिलेला नाही. पहिले अन्न जीर्ण झाल्याची लक्षणे दिसल्यावाचून दुसरे नको, हा सामान्य नियम लावला तर रात्री मासा खाणाऱ्यास त्या रात्री दूध नको, सकाळी भूक लागल्यावर चालेल, इतके निघते. शतावरी कल्प, दुधातून दिले जाणारे एरंडतेल, च्यवनप्राशावर घेतले जाणारे दूध या सर्वांस हेच लागू आहे.

औषधविक्रेत्यांकडे रुग्ण बहुधा वैद्यांकडे न जाता थेट येतो आणि डब्यावरचे ‘दुधासोबत’ हे एक पद वाचून निघून जातो. पैसे घेताना “घरी मासे चालतात का?” एवढे विचारण्यास अर्धे मिनिट लागते. आमच्याकडील पुड्यांवर आता ‘दुधातून, मासे खाल्लेल्या रात्री कोमट पाण्यातून’ असा शिक्का मारलेला असतो. माळकरी रुग्ण तो वाचून हसतात व त्यावरची दुसरी ओळ स्वतःच खोडून टाकतात.