सगळ्यात मोठा पैलवान कोण?

झरीच्या आसपास, म्हणजे परभणी-जिंतूर रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत, जत्रेत कुस्त्या असल्या की माइक बहुतेक माझ्या हाती असतो. जोड लागली की पैलवानाचं गाव सांगायचं, वस्तादाचं नाव घ्यायचं, हलगीवाल्याला इशारा करायचा. एकदा भरात मी बोलून गेलो, ‘महाराष्ट्राचा आजवरचा सगळ्यात मोठा मल्ल, खाशाबा जाधव!’ लगेच फडातून आवाज आला, ‘बिराजदार म्हणा ना ओ!’ दुसऱ्या अंगानं कुणी मारुती मान्यांचं नाव घेतलं. इनामी कुस्ती बरोबरीत सोडवली, फड उठला, तरी माणसं भांडतच होती.

या भांडणाचा मला कधी कंटाळा येत नाही. मात्र ते नीट भांडायचं असेल तर आधी माती आणि मॅट यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. मातीत हौद्याची तांबडी माती असते. तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती मुरवलेली असते. जत्रेत वजनाचा काटा नसतो. वस्ताद आणि पंच नजरेनं जोड लावतात. जुन्या कुस्तीला घड्याळही नव्हतं. पाठ मातीला लागेपर्यंत खेळायचं, तासभर खडाखडी चालली तरी चालली. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक पकडीला गुण, आणि समोर आपल्याच वजनगटातला गडी. मातीत दम आणि ताकद जास्त लागते, मॅटवर चपळाई आणि हिशोब. म्हणूनच महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी, म्हणजे मॅट, विभागाचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडतात.

आता खाशाबा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा १९४८ला लंडन ऑलिम्पिकला गेला आणि सहावा आला. १९५२च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. तिथं कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल खाशाबांनी लोळवले. जपानच्या इशीशी लढत लांबली, गुणांवर गेली. त्या थकव्यातच सोव्हिएत मल्लाशी लगेच उतरावं लागलं. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण तसं ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. तरी कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं, तेही टेनिसमध्ये. खाशाबा १९८४ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या पश्चात मिळाला. याचा राग मला आजही येतो.

जुने पैलवान मात्र मान हलवतात. खाशाबा ५७ किलोच्या गटातले. मोठ्या मैदानातली शेवटची कुस्ती भारी अंगाच्या गड्यांची, आणि त्यांच्या लेखी थोरपण तिथंच ठरतं.

तिथं आमच्या मराठवाड्याचा माणूस उभा राहतो. हरिश्चंद्र बिराजदार, लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. आमचा हा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, तालमी पोसल्या, मल्लांना खुराक दिला. तसा आश्रय आमच्या पोरांच्या वाट्याला आला नाही. बिराजदारही कुस्ती शिकायला कोल्हापूरलाच गेले. १९६९ला महाराष्ट्र केसरी झाले, १९७०ला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणलं. आणि १९७७ला बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं. सतपाल म्हणजे गुरू हनुमानांचा पठ्ठ्या, पुढं १९८२चा एशियाड सुवर्णविजेता आणि सुशील कुमारचा वस्ताद. ती कुस्ती आमच्याकडं अजून अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, कालच झाली. पुढं पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत बिराजदारांनी पोरं घडवली. काका पवार त्यांच्या हाताखालचे. पाटोद्याचा राहुल आवारेही. त्यानं २०१८ला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं आणि २०१९ला जागतिक स्पर्धेत कांस्य.

मला विचाराल तर मन बिराजदारांकडंच ओढ घेतं. पण नुसत्या मनाचं ऐकून निकाल देता येत नाही.

अमेरिकेतही असाच वाद आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो. चेंडू आधी त्याच्या हाती येतो आणि डाव कसा टाकायचा हे तो ठरवतो. टॉम ब्रॅडीनं सात सुपर बोल जिंकले, म्हणून काही लोक त्याला थोर म्हणतात. जो मोन्टानानं चारच जिंकले, पण अंतिम सामन्यात तो कधी हरला नाही, म्हणून दुसरे त्याच्या बाजूनं उभे राहतात. कोणती कसोटी लावायची हेच आधी ठरलेलं नसतं, त्यामुळं दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

म्हणून मी माझ्या कसोट्या सांगतो. मातीत थोर हवा, मॅटवर थोर हवा, देशाबाहेर टिकलेला हवा, आणि वस्ताद म्हणून मागं पैलवान सोडून गेलेला हवा. चारही एका माणसात.

१९६२चा जकार्ता एशियाड आठवा. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेऊन आले. त्याच जिल्ह्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेऊन आले. दोघंही हिंदकेसरी, आंदळकर १९६०ला, माने १९६४ला. इथवर जोड बरोबरीची. पण आंदळकर १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकलाही खेळले. आणि कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांनी पिढ्या घडवल्या. १९७० आणि १९७१ असा लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले दादू चौगुले त्यांचेच पठ्ठे. आंदळकर २०१८ला गेले, तोवर त्यांचा शब्द तालमींत शेवटचा होता.

सगळ्यात मोठा एकच पराक्रम निवडायचा झाला तर तो खाशाबांचा, यात दुमत नको. बेळगावची ती एक कुस्ती आमची आहे, ती कुणाला देणार नाही. पण सबंध आयुष्य तोलून एकच नाव घ्यायचं असेल, तर मराठवाड्याचा असूनही मी माइकवरून गणपतराव आंदळकरांचंच घेईन.